आवाज बंद करून बघितलेली अमेरिकन कार्टून्स

माझा धाकटा भाऊ बाळ्या, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आणि आमच्या घरात एक नियम होता, दोघं मिळून टीव्ही बघत असलो तर आवाज बंद. हा नियम कोणी बसवला नव्हता. एकदा टॉम अँड जेरी बघताना मी एकटीच कशालातरी हसले, त्याने माझ्याकडे बघून खुणेनं विचारलं काय झालं, आणि मला सांगताच येईना, कारण पडद्यावर काही झालंच नव्हतं, नुसतं काहीतरी वाजलं होतं. त्याचा चेहरा एवढासा झाला. मी उठले आणि आवाज शून्यावर नेला, तो पुढे कितीतरी वर्षं शून्यावरच राहिला.

त्यामुळे टॉम अँड जेरी, रोडरनर, लायन किंग हे सगळं मी आधी डोळ्यांनी बघितलंय आणि कानांनी फार नंतर ऐकलंय. एवढ्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय ते सांगते. अमेरिकन ॲनिमेशनमध्ये जे खरंच थोर आहे ते आवाज बंद केला तरी ताठ उभं राहतं, आणि जे नुसतंच गाजलेलं आहे ते दहा मिनिटांत झोपतं. तुम्ही घरी करून बघा एकदा. पोरांना आवडतं की नाही हा प्रश्न वेगळा, पोरांना बरंच काही आवडतं.

टॉम अँड जेरीपासूनच सुरू करते. कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ ला, आमच्याकडे इचलकरंजीत केबल घ्यायला अजून दोन वर्षं गेली. रात्री तेच चॅनल बदलून जुने इंग्रजी पिक्चर लागायचे आणि बाळ्याचं तोंड पडायचं. टॉम अँड जेरीला मी दहापैकी दहा देते, पण सगळ्यांना नाही, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम या अमेरिकन स्टुडिओत केलेले, १९४० ते १९५८ या काळात आलेले जे ११४ आहेत त्यांनाच. सात ऑस्कर मिळालेत त्यांना. बार्बेरा चित्रं आणि गोष्ट बघायचा, हॅना टायमिंग बघायचा, म्हणजे टॉमचं शेपूट दारात सापडल्यावर किंकाळी फुटायच्या आधी तो किती वेळ गप्प राहणार, हे फ्रेम मोजून ठरवायचा. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. आपल्याला वाटतं मारामारीला हसतोय, पण हसू येतं ते त्या गप्प राहण्याला. हे मला बाळ्यामुळे कळलं, कारण तो मार बसल्यावर हसायचाच नाही, त्याच्या आधी हसायचा. टॉमला कळलेलं असायचं की आता आपलं काही खरं नाही, आणि डोळे हळूहळू मोठे होत जायचे, तिथेच बाळ्या हसून लोळायचा.

तो पियानोवाला भाग आठवा. १९४७ चा, ऑस्कर मिळालेला, कॅट कॉन्चेर्टो. टॉम कोट घालून रुबाबात लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो, त्याची झोपमोड होते. आता हा सगळा भागच संगीताचा, तर कानाशिवाय त्यात काय बघायचं असं वाटेल ना? आम्ही तो शंभर वेळा बघितलाय. टॉम एका हाताने वाजवतो आणि दुसऱ्या हाताने जेरीला झोडपायला बघतो, तरी चेहरा मात्र सभ्य माणसाचा, समोर लोक बसलेत ना! जेरी दोन पट्ट्या काढून तिथे उंदराचा सापळा लावतो, आणि टॉमचं बोट त्या सापळ्याभोवती इतका वेळ बाकी सगळीकडे फिरतं की आपलाच जीव वरखाली होतो. आणि शेवटी टॉमचा कोट फाटलेला, अंगात त्राण नाही, आणि टाळ्या घेतो कोण तर जेरी. बाळ्या तेव्हा आठ वर्षांचा असेल. त्याला पियानो म्हणजे काय माहीत नव्हतं, टाळ्या कशा वाजतात माहीत नव्हतं, पण कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं हे त्याला बरोब्बर कळलं होतं. तो टॉमच्या बाजूने होता. अजून आहे.

मी पुण्याला हॉस्टेलला गेले तेव्हा एकदा कॉमन रूममध्ये टॉम अँड जेरी लागलं होतं, आणि आवाज चालू होता. मी दारातच थांबले. स्कॉट ब्रॅडली नावाच्या माणसाचं संगीत आहे ते, पूर्ण ऑर्केस्ट्रा, टॉमचं एक पाऊल म्हणजे एक सूर, जिना उतरला की सूर उतरतात, डोळे मिचकावले की टिंग. आणि ती टॉमची किंकाळी, ती स्वतः हॅनाच्या आवाजातली आहे. माझ्या डोळ्यांना ज्या जागा पाठ होत्या त्याच जागांवर ते संगीत पडत होतं, म्हणजे मी जे इतकी वर्षं नुसतं बघितलं होतं त्यातलं काही खोटं नव्हतं, चित्रातच ताल होता. त्या रात्री मी रडले, का ते मला नीट सांगता येणार नाही. सुट्टीत घरी गेल्यावर बाळ्याच्या पाठीवर बोटांनी तो जिना वाजवून दाखवला, वरून खाली. त्याला म्हटलं टॉम उतरताना असं वाजतं. तो म्हणाला, दिसतंच की.

एक गोष्ट मात्र मोठेपणी टोचली आणि ती न सांगता दहापैकी दहा देणं बरोबर नाही. स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं होतं, ओठ जाड होतात, केसांच्या बारीक वेण्या होतात, आणि घरातली ती काळी बाई, जिचे फक्त पाय दिसतात. आम्हाला लहानपणी तो धूर फासल्यासारखा वाटायचा, दिवाळीत सुतळी बॉम्बनंतर व्हायचं तसा. पण अमेरिकेत काळ्या माणसांची टर उडवायची ती जुनी पद्धत होती आणि बनवणाऱ्यांना ते माहीत होतं. पोरांना दाखवा, पण तिथे थांबून सांगा.

याच हॅना आणि बार्बेराचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. एमजीएमने १९५७ मध्ये कार्टूनचा विभागच बंद केला, मग दोघांनी स्वतःची कंपनी काढून टीव्हीसाठी कामं घेतली. टीव्हीचं बजेट तुटपुंजं आणि दर आठवड्याला माल द्यायचा, मग काय करणार, चित्रं कमी केली. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे माहितीये? कॉलरच्या वरचं डोकं तेवढं नवीन काढायचं, खालचं धड तेच ठेवायचं, आणि सांधा कॉलरखाली लपवायचा. फ्लिंटस्टोन्स १९६० चं, स्कूबी डू १९६९ चं, सगळीकडे हीच युक्ती. आवाज चालू असेल तर चालून जातं, बडबड छान असते त्यांची, पण आवाज बंद केलात तर एक माणूस उभा आहे आणि त्याचा जबडा हलतोय एवढंच दिसतं. बाळ्याने एक खेळ काढला होता, फ्लिंटस्टोन्समधला फ्रेड घरात पळायला लागला की मागून तोच दिवा, तीच खिडकी किती वेळा जाते ते बोटांवर मोजायचं. एकदा अकरापर्यंत गेला होता. कार्टूनपेक्षा मोजण्यातच मजा यायची. मी योगीला दहापैकी चार देईन. चिडून नाही देत, पोटासाठी केलेलं काम आहे आणि त्यातून कितीतरी चित्रकारांची घरं चालली, पण ज्या माणसांनी तो पियानोचा भाग केला त्यांनाच पुढे हे करावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोडरनर. चक जोन्सने १९४९ मध्ये सुरू केलेलं. बाळ्याला विचाराल तर जगातलं एक नंबर कार्टून हेच. रोडरनर हा पळणारा पक्षी, आणि त्याला खायला मागे लागलेला कोल्ह्यासारखा कोयोटी. हा कोयोटी कधी बोलतच नाही, बोलायचंच झालं तर पाटी वर करतो! बाळ्याला पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा तो उठून उभाच राहिला. कारण तोही तेच करायचा, खिशात छोटी वही असायची, दुकानात गेला की लिहून दाखवायचा. पाटीवरचं इंग्रजी मी त्याला खुणेनं सांगायचे, पण खरं म्हणजे गरज नसायची, चेहरा बघूनच कळायचं. कोयोटी कड्याच्या बाहेर गेलेला असतो, पायाखाली काही नाही, तरी पडत नाही. आधी पायाने चाचपतो. मग खाली बघतो. मग आपल्याकडे बघतो. आणि आपल्याकडे बघितल्यावरच पडतो. मग वरून दिसतं, तो बारीक बारीक होत जातो आणि तळाला एक धुळीचा लहानसा फुगा. त्यात पडण्याचं दुःख कमी आणि पडणार हे कळण्याचं जास्त. आमच्या घरात वर्षानुवर्षं त्याचीच खूण आहे, तळहात आडवा धरायचा, जरा थांबायचं, आणि मग खाली सोडायचा. म्हणजे गेलं, काम बिघडलं. बारावीच्या निकालाला बाळ्याने घरात शिरताना हीच खूण केली होती आणि आईला सगळं कळलं. (नंतर ऑक्टोबरला सुटला. आता फ्लेक्स आणि पाट्या डिझाइन करतो, हाताखाली दोन पोरं आहेत.) दहापैकी दहा, आणि वर अजून काही देता येत असेल तर तेही.

मध्ये दूरदर्शनचं सांगते, कारण त्याशिवाय आमच्या वयाच्या कोणाचं पान हलत नाही. रविवारचं डकटेल्स, टेलस्पिन, सगळं हिंदीत. मोगलीचं जंगल बुक बरेच जण अजून डिस्नेचं समजतात, ते जपानी होतं, डिस्नेचा जंगल बुक म्हणजे १९६७ चा सिनेमा, तो वेगळा. तर डकटेल्स मला आवडायचं, पण बाळ्याला तिथे दुहेरी फटका बसायचा आणि हे आम्हाला कोणाला लक्षातच आलं नव्हतं. तो ओठ वाचतो. ओठ मराठी वाचतो. कार्टूनचं तोंड इंग्रजीत हलतंय, आवाज हिंदी आहे, आणि त्याच्या डोक्यात मराठी. त्यात चोच! चोचीवरून काय वाचणार तो. डबिंग करून आपण कार्टून जवळ आणलं म्हणतो, त्याच्यासाठी ते लांब गेलं. बंगल्याएवढी पैशांची तिजोरी आणि त्यात पोहणारा तो म्हातारा बदक एवढंच त्याला आठवतं. कार्टूनचा दोष नाही म्हणा तो.

लायन किंग आम्ही सीडीवर बघितला. १९९४ चा, हाताने काढलेला. पहिली काही मिनिटं कोणी बोलतच नाही, सूर्य वर येतो, सगळी जनावरं चालत येतात, तो म्हातारा माकड फळ फोडून पिल्लाच्या कपाळावर रसाचं बोट ओढतो, टिळा लावल्यासारखं, आणि उचलून सगळ्यांना दाखवतो. आमची आई स्वयंपाक सोडून येऊन उभी राहिली, म्हणाली बारसं आहे होय. झालं, समजलं की सगळं. पुढे ती जनावरांची झुंड दरीतून धावत येते तो प्रसंग, दोन-अडीच मिनिटांचा असेल, त्याच्यावर जवळपास तीन वर्षं काम चाललं होतं. तेवढ्यापुरता कॉम्प्युटर वापरला, कारण हजार जनावरं हाताने पळवायची कशी. पण मला त्या झुंडीपेक्षा नंतरची शांतता मोठी वाटते, धूळ बसते आणि ते पिल्लू, सिंबा, मेलेल्या बापाचा कान ओढून बघतो. आणि मग त्याच्या पंजाखाली स्वतःच शिरून झोपतो. बाळ्या तेव्हा माझा हात धरून होता. आमचे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

म्हणून २०१९ चा लायन किंग आला तेव्हा आम्ही दोघं हौसेने गेलो, तीच गोष्ट, तेच प्रसंग, आणि सगळं खऱ्या सिंहासारखं. केसन् केस खरा. पण मध्यंतरात बाळ्याने मला विचारलं, याला दुःख झालंय का? खऱ्या सिंहाला भुवया नसतात, ओठ वाकवता येत नाहीत, आणि चित्रकाराने जे हात सैल सोडून काढलं असतं ते सगळं खरं दिसण्याच्या नादात गेलं. आवाजात अभिनय होता असं म्हणतात, असेलही, पण चेहरा दगडाचा. इतका पैसा, इतकी हुशारी, आणि बाप मेल्याचं पोराच्या तोंडावर दिसत नाही. दहापैकी तीन, ते जंगल सुंदर होतं म्हणून.

पिक्सार या ॲनिमेशन कंपनीला माझ्या मनात जागा आहे ती त्यांच्या वॉल-ई या सिनेमामुळे. २००८ चा. सुरुवातीची तीसेक मिनिटं तरी जवळजवळ संवादच नाहीत. कचऱ्याने भरलेली पृथ्वी आणि एक गंजका यंत्रमानव जो कचऱ्याच्या विटा करतोय. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनला त्याचे डोळे सुचले बेसबॉलची मॅच बघताना, हातातली दुर्बीण उलटीसुलटी करून बघत होता तिथून. दोन नळ्या, तोंड नाही, ओठ नाहीत, आणि तरी त्या नळ्या आत वळल्या की वाईट वाटलं, बाहेर वळल्या की आशा. त्याला हिऱ्याची अंगठी सापडते तर तो अंगठी फेकतो आणि डबी ठेवतो, उघडझाप करायला मजा येते म्हणून. चमच्यांच्या डब्यात चमचे, काट्यांच्या डब्यात काटे, आणि एक सापडतो तो अर्धा चमचा अर्धा काटा. थांबतो. इकडे नेतो, तिकडे नेतो. मग दोन्ही डब्यांच्या मध्ये ठेवून देतो. बाळ्याने हे दृश्य मागे घेऊन परत लावलं. दोन्हीकडे न बसणारी वस्तू, आणि ती फेकून दिली नाही. मी काही बोलले नाही, त्यानेही काही खूण केली नाही. सिनेमा अंतराळयानात गेल्यावर माणसं बोलायला लागतात आणि जरा ढिला पडतो हे खरं, तरी साडेनऊ.

पिक्सारच्याच अप मधली नवरा-बायकोच्या अख्ख्या संसाराची ती चार मिनिटं सगळ्यांना माहीत आहेत. लग्न, घर, साठवलेली नाणी आणि दर वेळी फुटणारी ती बरणी, कधी गाडीचा टायर, कधी मोडलेला पाय, कधी छपरावर पडलेलं झाड. आपल्या कुठल्याही घरात हेच चालतं, गंगाजळी काशीयात्रेची असो नाहीतर धबधब्याची. आणि दवाखान्यातलं ते एक दृश्य, डॉक्टर काहीतरी सांगतोय, ती ओंजळीत तोंड घालून बसलीये, आणि एक शब्द ऐकू येत नाही. म्हणजे तिथे पिक्सारने स्वतःच आवाज बंद केलाय, फक्त संगीत. मायकल जियाकिनोला त्या संगीताचं ऑस्कर मिळालं आणि योग्यच मिळालं, मी नंतर ऐकलंय. पण बाळ्या न ऐकता तेवढाच रडला.

त्यांच्याच रॅटाटूईमध्ये तो जेवणाचा कडक समीक्षक एक घास तोंडात घालतो आणि क्षणात लहान होऊन गावच्या घराच्या दारात उभा राहतो, बाहेर सायकल पडलेली, बहुतेक पडून आलाय, आई गाल कुरवाळून ताट पुढे ठेवते. परत वर्तमानात, हातातलं पेन सुटून पडतं. किती सेकंद असतील? पाच-दहा. याच्यावर एखाद्याने पानभर संवाद लिहिले असते. मला तर आजीच्या हातचं मेतकूट भातच आठवतं तिथे.

आता जे पडलं ते. श्रेक २००१ चा, ॲनिमेशनपटाचं वेगळं ऑस्कर सुरू झालं तेव्हाचं पहिलं त्याला मिळालं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी त्याच्यावर जीव टाकायच्या. मी बाळ्याला घेऊन बसले आणि अर्ध्या तासात दुभाष्याचं काम करून थकले. गाढव बोलतंय. अजून बोलतंय. त्याचे विनोद म्हणजे शब्दांचे खेळ, नाहीतर दुसऱ्या सिनेमांची टिंगल, त्यातलं खुणेनं काय सांगणार? त्या यशानंतर अमेरिकेत जी लाट आली ना, मोठ्या नटांचे आवाज घ्या, पोस्टरवर नटांचीच नावं मोठी, आणि प्रत्येक प्राणी अखंड बडबडतोय, त्या लाटेने फार नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज विकत आणला की चेहऱ्यावर काम करायची घाई राहत नाही. चार.

आणि कोणी म्हणेल ते पिवळे बुटके मिनियन्स तर बोलत नाहीत, म्हणजे बोलतात ते कोणालाच कळत नाही, मग ते पास का? नाही हो. बाळ्याच्या मुलीला आवडतात, ती पाच वर्षांची आहे, तिला आवडू देत. पण पडणं, आपटणं आहे आणि पडणाऱ्याला काही हवं नाहीये. टॉमला जेरी हवा असतो, कोयोटीला पोटाला हवं असतं, वॉल-ईला कोणीतरी हात धरायला हवं असतं. हवं असण्यावर सगळं चालतं, नुसतं गप्प राहून भागत नाही.

ज्या कंपनीने श्रेक केला त्याच ड्रीमवर्क्सने २०१० मध्ये हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन केला, आणि हा आमच्या घरातला सिनेमा आहे. हिकप नावाचा पोरगा एका ड्रॅगनला पाडतो, त्याच्या शेपटीचं एका बाजूचं पातं जातं, आता तो उडू शकत नाही. पोरगा वाळूत काठीने चित्र काढतोय, ड्रॅगन बघतो, मग एक अख्खं झाड उपटून तोही रेघोट्या मारत फिरतो. पोराचा पाय रेघेवर पडला की गुरगुरतो. पाय उचलला की गप्प. परत ठेवला, गुरगुर. मग पोराला कळतं आणि तो रेघा चुकवत चुकवत, जवळजवळ नाचतच, मागे सरकत ड्रॅगनपाशी पोचतो, तोंड दुसरीकडे वळवून हात पुढे करतो, आणि थांबतो. ठरव तू. दोन जीव, एकमेकांची भाषा येत नाही, चित्रावरून बोलायला शिकतात. बाळ्या आणि मी असेच शिकलो. शाळेत त्याला खुणांची भाषा मिळायच्या आधी घरात पाटी आणि खडू होता.

शेवटी लढाईत हिकपचा पाय जातो. लहान मुलांच्या सिनेमात नायकाचा पाय जातो आणि परत येत नाही! तो जागा होतो, पांघरूण सारतो, पलंगावरून पाय खाली सोडतो, एक पाय माणसाचा आणि एक लोखंडाचा. ड्रॅगन वास घेऊन बघतो. हिकप उभा राहतो, तोल जातो, ड्रॅगन डोक्याने सावरतो. दोघं दाराकडे चालायला लागतात. कोणी भाषण देत नाही, कोणी बिचारा म्हणत नाही. बाळ्याने आयुष्यभर बिचारा ऐकलंय, म्हणजे ऐकलं नाही पण ओठांवर वाचलंय, बसमध्ये, लग्नात, नातेवाइकांत. त्याने मला त्या रात्री खूण केली, असंच पाहिजे. दहा.

२०१८ चा स्पायडरमॅन, इन्टू द स्पायडर-व्हर्स, हा अमेरिकनांनी परत काहीतरी नवीन केलं असं वाटायला लावणारा सिनेमा. त्याचा नायक माइल्स नवशिका असतो तेव्हा त्याला सेकंदाला १२ चित्रांत हलवलाय, आणि शेजारचा मुरलेला स्पायडरमॅन २४ मध्ये, म्हणून माइल्स जरा अडखळत उडतो आणि दुसरा लोण्यासारखा, का ते कळत नाही पण डोळ्याला जाणवतं. आणि कोळी चावल्यावर माइल्सच्या मनातले विचार कॉमिकसारखे चौकटीत पडद्यावर लिहून येतात, आवाजही अक्षरांत उमटतात. बाळ्या म्हणाला हा सिनेमा माझ्यासाठी काढलाय का. पुढचा भाग २०२३ ला आला तो भारतात मराठीसकट दहा भाषांत, त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं मुंबॅटन आहे, पवित्र प्रभाकर हा तिथला स्पायडरमॅन आहे, गर्दी, रिक्षा, रंग, मजा आली.

पण तो बघायला आम्ही ज्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो तिथे सबटायटल नव्हती. खिडकीवर विचारलं तर त्या मुलाला प्रश्नच कळला नाही, म्हणाला मॅडम हिंदीत आहे ना, मग सबटायटल कशाला. दहा भाषांत आवाज बदलता येतो आणि एका भाषेत खाली चार शब्द टाकता येत नाहीत? ओटीटीवर सबटायटल असतात पण इंग्रजी, फार तर हिंदी, बाळ्याचं शिक्षण मराठीत झालंय. मी अजूनही मोठ्या सिनेमाआधी त्याला व्हॉट्सॲपवर गोष्ट मराठीत टाइप करून पाठवते, कोण कोणाचा कोण, कुठे लक्ष ठेव. कधी कधी तीन-चार पानं होतात.

आवाज बंद करून सगळंच मापता येतं असं माझं म्हणणं नाही. बॅटमॅनची १९९२ ची मालिका घ्या, केव्हिन कॉन्रॉय हा नट ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवट्याआडच्या माणसाचा, एक आवाज काढतो आणि बॅटमॅनचा दुसरा, ते ऐकलं नाही तर मोठी गोष्ट हुकते. पण त्याच मालिकेचं सुरुवातीचं मिनिट बघा, काळ्या कागदावर रंगवलेलं शहर, दोन चोर, छतावर सावली, वीज चमकते आणि तो दिसतो. मालिकेचं नावसुद्धा लिहून येत नाही. लिहायची गरजच नाही.

आणि सिम्पसन्स, ती अमेरिकन कुटुंबाची मालिका. मला आवडतं, लिहिलेलं फार उत्तम आहे, बाळ्याला कधीच झेपलं नाही. पण त्यानेच मला अपूबद्दल एक प्रश्न विचारला होता. अपू म्हणजे तो भारतीय दुकानदार, आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, मुद्दाम काढलेला आपला हेल, आणि त्यावर तीस वर्षं लोक हसले, २०२० मध्ये त्या नटाने ते काम सोडलं. बाळ्या हेल कुठून ऐकणार? त्याला दिसत होतं ते एवढंच की एक माणूस रात्रंदिवस दुकान चालवतोय, गिऱ्हाइकाशी नीट वागतोय. त्याने विचारलं, याला का हसतात? मी आवाज चालू करून परत ऐकलं आणि मला उत्तर देववेना.

परवा त्याच्याकडे गेले होते तर बापलेक रोडरनर बघत बसलेले. आवाज चालू, पोरीने केला असणार, तिला ऐकू येतं. रोडरनर पळताना ते दोनदा बीप-बीप वाजतं ना, ते वाजलं की ती न बघता बापाच्या तळहातावर दोन बोटं टकटक करायची. तो कोयोटीकडे बघत होता. तिकडे कडा संपला होता.